कलामंडळाचे संकेतस्थळ : उभारणे सोपे, सांभाळणे अवघड

पावसाळ्याबरोबर महाविद्यालयांचे सांस्कृतिक वर्ष सुरू होते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेच्या पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिकांच्या तालमींना रंग चढतो. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या 'मल्हार'ची धांदल ऑगस्टमध्ये असते आणि वर्ष सरता सरता पवईच्या आयआयटीत 'मूड इंडिगो' भरतो. या मोठ्या उत्सवांमागे, आणि त्यांच्याहून कितीतरी लहान अशा वाङ्मय मंडळांमागे, नाट्यसंघांमागे आज एक संकेतस्थळ असते किंवा कधीतरी होते. यातला 'होते' हा शब्द महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांनी हौसेने उभारलेली संकेतस्थळे दोन-तीन वर्षांत बंद पडतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यामागे तांत्रिक अडचणींपेक्षा व्यवस्थेचा अभाव अधिक असतो. म्हणूनच असे संकेतस्थळ चालवायचे म्हणजे नेमके काय करावे लागते, याची माहिती एकत्रित देण्याचा हा प्रयत्न.

एखाद्या साहित्य संस्थेचा चिटणीस वीस-वीस वर्षे तोच असू शकतो. विद्यार्थी मंडळाचे तसे नाही. पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा, त्यातही पहिले वर्ष ओळखपाळखीत जाते आणि शेवटचे नोकरीच्या किंवा पुढील प्रवेशाच्या चिंतेत. प्रत्यक्ष कामाला हाती लागतात ती मधली एक-दोन वर्षे. साहजिकच ज्या मुलाला संगणकाची गती आहे, त्याच्याकडे सारी सूत्रे एकवटतात. तो उत्तीर्ण होऊन बाहेर पडला की परवलीचे शब्द त्याच्याबरोबर जातात. पूर्वी मंडळाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शिपायाला तरी ठाऊक असे. संकेतस्थळाच्या किल्लीबाबत तेवढेही सुख नसते. हल्ली तर परवलीचा शब्द माहीत असूनही भागत नाही. खात्यात शिरताना येणारा ओटीपी कुणा माजी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल तोवर बेंगळुरूला किंवा बोस्टनला पोहोचलेला असतो.

पत्ता कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन नेम, विकत मिळत नाही. तो ठराविक मुदतीसाठी नोंदवावा लागतो. ही मुदत कमीत कमी एक आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. 'डॉट कॉम'सारख्या पत्त्याचे वार्षिक शुल्क साधारण हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास पडते. एकांकिकेच्या नेपथ्यावर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ म्हणावी लागेल. तरीही बहुतेक संकेतस्थळे याच किरकोळ रकमेपायी बुडतात, कारण नूतनीकरणाची सूचना ज्या ई-मेलवर येते तो कोणी उघडतच नाही.

मुदत संपताच पत्ता लगेच हातचा जातो असे नाही. 'डॉट कॉम' आणि तत्सम पत्त्यांच्या बाबतीत मुदतीनंतर नोंदणी कंपनीगणिक जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलतीचा काळ मिळू शकतो. त्यानंतर तीस दिवसांच्या काळात वाढीव दंड भरून तो सोडवता येतो. पुढचे पाच दिवस मात्र काहीच करता येत नाही आणि मग तो पत्ता कोणालाही नोंदवता येतो. अशा सुटलेल्या पत्त्यांवर टपून बसणारे व्यावसायिक जगभर आहेत. जुन्या संकेतस्थळाकडे वृत्तपत्रांतून, इतर संस्थांच्या पानांवरून दुवे दिलेले असतात. त्या वर्दळीलाच बाजारात किंमत असते. काल जिथे काव्यवाचनाचे निमंत्रण होते, तिथे आज ऑनलाइन जुगाराची जाहिरात दिसते ती यामुळे. मंडळाचे नाव, बोधचिन्ह आणि जुना पत्ता घेऊन कोणी देणग्या गोळा करू लागला, तर महाविद्यालयाची अब्रू पणाला लागते, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नवी नोंदणी केल्यावर किंवा नोंदणीदाराचा तपशील बदलल्यावर ई-मेलच्या पडताळणीचा संदेश येतो. पंधरा दिवसांत त्याला प्रतिसाद दिला नाही तर सुरू असलेला पत्ताही स्थगित होऊ शकतो. म्हणून नोंदणी कोणा एका विद्यार्थ्याच्या वैयक्तिक ई-मेलवर कधीही करू नये. मंडळाच्या पदाच्या नावाने स्वतंत्र ई-मेल असावा आणि तो संस्थेच्या एखाद्या कायम कर्मचाऱ्यालाही पाहता यावा.

दुसरा मार्ग महाविद्यालयाच्याच पत्त्याखाली जागा मागण्याचा. 'एसी डॉट इन' आणि 'ईडीयू डॉट इन' हे पत्ते केवळ शैक्षणिक संस्थांना मिळतात. ते देण्याचे काम 'अर्नेट इंडिया' ही सरकारी संस्था करते. महाविद्यालय आहे तोवर हा पत्ता राहतो, शुल्काची चिंता मंडळाला राहत नाही. अडचण एवढीच की, प्रत्येक बदलासाठी कार्यालयात खेटे घालावे लागतात आणि प्राचार्यांना न रुचणारी एकांकिका पानावरून उतरवली जाण्याची शक्यता राहते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते स्मृतिसंग्रह महाविद्यालयाच्या पत्त्यावर आणि त्या-त्या वर्षाच्या उत्सवाची लगबग स्वतंत्र पत्त्यावर, ही विभागणी व्यवहार्य ठरते.

पत्त्यात साल घालण्याचा मोह मात्र टाळावा. दरवर्षी नवा पत्ता नोंदवला की मागच्या वर्षाचा वाऱ्यावर सुटतो. पत्ता एकच ठेवून त्याखाली प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र विभाग करणे, यात शोभेचे काही नाही, पण दहा वर्षांनी उपयोग त्याचाच होतो.

दिखाऊपणाची शिक्षा

सन २००० नंतरच्या दशकातील विद्यार्थी संकेतस्थळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती उघडतानाचे सोहळे आठवत असतील. आधी फ्लॅशमधील चलच्चित्र, मग आपोआप वाजणारे संगीत, तळाशी 'आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात' अशी पाटी. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपुष्टात आला आणि त्यावर बेतलेली पाने एका फटक्यात निकामी झाली. त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने 'जिओसिटीज' ही फुकट जागा देणारी सेवा अमेरिकेत बंद केली होती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. अनेक मंडळांची छायाचित्रे आणि आठवणी या ठिकाणीच होत्या. आजची मंडळे इन्स्टाग्रामवर विसंबून आहेत. उत्सवाच्या प्रसिद्धीसाठी ते माध्यम उत्तम आहे, यात शंका नाही. पण तिथली 'स्टोरी' चोवीस तासांत अदृश्य होते आणि खात्याची किल्ली पुन्हा एकाच विद्यार्थ्याच्या मोबाइलवर असते.

संकेतस्थळ कशावर उभारावे, याचे दोन पर्याय ढोबळमानाने पुढे येतात. वर्डप्रेस (२००३), जूमला (२००५) यांसारख्या प्रणालींत तांत्रिक ज्ञान नसलेला सांस्कृतिक सचिवही मजकूर चढवू शकतो. पण या प्रणाली आणि त्यांना जोडलेली पूरके सतत अद्ययावत करावी लागतात. परीक्षेच्या काळात तीन महिने कोणी फिरकले नाही की तेवढ्यात घुसखोरी होते. दुसरा पर्याय साध्या एचटीएमएल पानांचा. त्यात रोजची लवचीकता कमी, पण फोडण्यासारखे फारसे काही नसते आणि पाने वर्षानुवर्षे तशीच उघडतात. अशी पाने गिटहबसारख्या ठिकाणी २००८ पासून विनामूल्य ठेवता येतात. ज्या मंडळाला दरवर्षी नवा तंत्रज्ञ मिळेल याची खात्री नाही, त्याने दुसराच पर्याय स्वीकारावा.

पत्त्यापुढे 'असुरक्षित' असा शेरा दिसतो, अशी तक्रार बऱ्याचदा कानावर येते. जुलै २०१८ पासून गुगलचा क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला हा शेरा देतो. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा उपक्रमाकडून फुकट मिळते.

आचार्य आणि आचारी

मराठी मंडळाच्या संकेतस्थळाला एक जास्तीचा प्रश्न सोडवावा लागतो, तो लिपीचा. सुरुवातीच्या काळात प्रत्येक छपाई प्रणालीचा फाँट वेगळा होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. वाचकाच्या संगणकावर तोच फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उमटे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान होते. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट आला आणि सर्वसामान्य संगणकावर युनिकोड मराठी दिसू लागली. तरीही महाविद्यालयांचे वार्षिक अंक पुढे कित्येक वर्षे जुन्याच फाँटांत जुळवले जात राहिले. आज ते अंक संकेतस्थळावर आणायचे तर फाँटांतर करावे लागते.

फाँटांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. खरी गफलत होते ती 'र'च्या बाबतीत. मराठीत रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा 'ऱ' यांनी अर्थ बदलतो. 'आचार्यांना' नमस्कार करायचा असतो आणि 'आचाऱ्यांना' जेवणाचा बेत सांगायचा असतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरांतल्या. हिंदीसाठी तयार केलेल्या साधनांना हा भेद ठाऊक नसतो. तेव्हा प्रत्येक पान मराठी जाणणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घालणे अपरिहार्य आहे. वाङ्मय मंडळात निदान एवढी माणसे असायला हरकत नाही.

'ॲ' या अक्षराची कथाही ऐकण्याजोगी आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोक 'अ'वर अर्धचंद्र देऊन काम भागवत होते, आणि अनेक जण आजही भागवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द आहेत. परिणामी 'ॲकॅडमी' असा शोध घेतल्यास निम्मी पाने सापडत नाहीत. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित केली आणि त्यात 'ॲ' व 'ऑ' यांचा समावेश केला. आता सर्वत्र एकच पद्धत वापरणे आणि जुन्या मजकुरात एकगठ्ठा बदल करून घेणे, हाच उपाय.

याच मालिकेत अकारविल्हे याद्यांचा प्रश्न येतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या सांकेतिक क्रमात 'ळ' हा 'ल'नंतर लगेच आहे, तर 'क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरे म्हणून 'क' आणि 'ज'खाली जातात. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत क्षितिज हा 'क'च्या आणि ज्ञानदा ही 'ज'च्या गर्दीत का गेली, हे विचारणारे पत्र आले, तर घोटाळा इथे असतो. शिवाय पानाची भाषा 'मराठी' अशी संकेतात नमूद केली, तर तशी सोय असलेल्या फाँटांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे आपोआप उमटतात. बहुतेक संकेतस्थळे हे करत नाहीत आणि मग मराठी मंडळाच्या पानावर हिंदी वळणाचा 'ल' मिरवतो.

नोंद कशाची ठेवायची?

उत्सवाचे वेळापत्रक, नियम, प्रवेशअर्ज हा मजकूर त्या त्या वर्षापुरता असतो, त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. दीर्घकाळ मोलाचा ठरतो तो इतिहास, आणि तिथेच आनंदीआनंद असतो. विजेत्यांच्या याद्यांत कलाकारांची नावे असतात, परंतु प्रकाशयोजना, संगीत, नेपथ्य, रंगभूषा करणाऱ्यांची नसतात. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संघातून डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखे रंगकर्मी पुढे आले, हे सर्वश्रुत आहे. पण त्या काळात कोणत्या महाविद्यालयाच्या संघात विंगेत कोण उभे होते, याचे उत्तर आज ठामपणे देता येईल अशी मंडळे थोडी. आजचा प्रकाशयोजनाकार उद्या नामवंत होईल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार यादी करणाऱ्याला नाही. सगळी नावे लिहावीत.

रिकाम्या जागांचीही नोंद हवी. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका सांघिक प्रथम क्रमांकाच्या योग्यतेची नसल्याचा निर्णय दिला आणि १९६३ पासूनच्या या स्पर्धेचा करंडक त्या वर्षी कोणालाच मिळाला नाही. त्यावर तेव्हा बरीच चर्चा झडली. यादीत त्या वर्षापुढे नुसती रेघ ओढली, तर पंचवीस वर्षांनी पाहणाऱ्याला वाटेल की स्पर्धाच झाली नसावी किंवा माहिती हरवली असावी. दोन ओळींचे स्पष्टीकरण पुरेसे असते.

हक्क कोणाचे?

एकांकिकेचे संपूर्ण चित्रीकरण, स्नेहसंमेलनात गायलेली गाणी, अंकातील कविता संकेतस्थळावर बेधडक टाकल्या जातात. कॉपीराइट कायदा (१९५७) शैक्षणिक संस्थांना एक सवलत देतो. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी संस्थेच्या कार्यक्रमात केलेला प्रयोग, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळींपुरते मर्यादित असतील तर, हक्कभंग ठरत नाही. पण संकेतस्थळाच्या प्रेक्षागृहाला दार नसते. तिथे तेच चित्रीकरण ठेवले की ही सवलत लागू होत नाही आणि नाटककाराची परवानगी घ्यावी लागते.

भारतात साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे राहतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये निवर्तले, त्यांची नाटके केव्हाच मुक्त झाली आहेत. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ चे आणि पु. ल. देशपांडे यांचे २००० चे. म्हणजे त्यांचे लेखन अनुक्रमे २०५९ आणि २०६० च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. पुलंचा अख्खा लेख 'श्रद्धांजली' म्हणून चढवणारे चाहते असतात. भावना प्रामाणिक असली तरी कायद्याला ती दिसत नाही.

विद्यार्थी लेखकांबाबत परिस्थिती अधिकच नाजूक. वीस वर्षांच्या मुलीने लिहिलेली संहिता ही तिची मालमत्ता आहे, मंडळाची नव्हे. पुढे तिला त्यावरून पूर्ण नाटक किंवा पटकथा करायची असेल आणि मूळ संहिता सर्वांना उपलब्ध असेल, तर तिचे नुकसान होते. लेखी, एका परिच्छेदाची परवानगी दरवर्षी घ्यावी आणि ती मागे घेण्याची मुभाही ठेवावी.

भ्रमणध्वनी क्रमांकांबाबत मंडळांची बेफिकिरी चकित करणारी आहे. उत्सव संपून सात वर्षे झाली तरी समन्वयक मुलींचे क्रमांक पानावर तसेच राहतात, आणि नको त्या वेळी नको त्या माणसांचे दूरध्वनी त्यांना येत राहतात. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. या कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात आणि त्यातील मुले उत्सवात हिरिरीने भाग घेतात, हे लक्षात घेतले की प्रश्नाचे गांभीर्य कळते. क्रमांक उत्सवानंतर महिनाभरात काढून टाकण्याचा नियम केला, तर निम्मी जोखीम तिथेच कमी होते.

प्रती आणि सोपवणी

संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी, हा संगणक क्षेत्रातील जुना संकेत आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक हार्ड डिस्क नोंदणी क्रमांक देऊन ठेवली, तर ग्रंथपाल तिची काळजी पुस्तकासारखीच घेतात. जोडीला अमेरिकेतील 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये आपली पाने स्वतः नोंदवता येतात. ही सेवा २००१ पासून सर्वांसाठी खुली आहे. बुडालेली अनेक संकेतस्थळे तिथे अंशतः तरी सापडतात. तथापि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे तीही काही दिवस बंद होती, त्यामुळे तेवढ्यावरच भिस्त ठेवणे इष्ट नाही.

नव्या कार्यकारिणीकडे सूत्रे देताना नारळ आणि पुष्पगुच्छ दिला जातो, त्याबरोबर एक कागदही द्यायला हवा. पत्ता कोणत्या कंपनीकडे नोंदवला आहे, मुदत कधी संपते, जागा कोणाची आहे, ओटीपी कोणत्या क्रमांकावर येतो, पैसे कोणत्या खात्यातून जातात, हे सारे एका पानात मावते. परवलीचे शब्द त्यावर लिहू नयेत. ते बंद पाकिटात मंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांकडे ठेवावेत आणि दर सोपवणीला बदलावेत. ही सोपवणी जून-जुलैमध्ये, जुने विद्यार्थी शहरात असताना, दोन्ही कार्यकारिणींनी एकत्र बसून करावी. परीक्षेनंतर सगळे पांगले की ती होत नाही.

उरते ते जुन्या छायाचित्रांचे काम, आणि त्याला मात्र मुदत आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या पहिल्या वर्षी, १९६३ साली, अठरा-वीस वर्षांचे असलेले विद्यार्थी आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्या पिढीची समूह-छायाचित्रे महाविद्यालयांच्या कपाटांत आणि घरोघरच्या ट्रंकांत पडून आहेत. बहुतेकांच्या मागे नावे लिहिलेली नाहीत. छायाचित्र स्कॅन करणे पाच मिनिटांचे, पण डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारा माणूस गाठणे दुपारभराचे काम असते. सोबत छायाचित्राची मोठी छापील प्रत न्यावी, कारण मोबाइलच्या पडद्यावर चेहरे ओळखणे त्या वयात जड जाते. सांगितलेली नावे रांगेनुसार लिहून घ्यावीत आणि ज्याची ओळख पटली नाही, त्याची जागा 'अनोळखी' असे लिहून राखून ठेवावी.